उद्याबाबू आणि बदलीचा बुधवार

कोणी शिंकलं तर आपल्याकडे जवळचं माणूस 'शतायुषी हो' म्हणतं. आमच्या जिनिंग फॅक्टरीतल्या एका बाबूंसमोर तुम्ही शिंकलात, तर ते चष्म्याच्या वरून आधी तुमच्याकडे बघत, मग तुमच्या आजूबाजूला बघत आणि अगदी गंभीरपणे विचारत, "उद्या कोण?"

म्हणजे असं, की आज तुम्ही शिंकलात. उद्या ताप भरेल. ताप भरला की कामाला येणार नाही. तर तुमच्या जागी उद्या कोण? एवढा सगळा विचार ते एका शिंकेत करून मोकळे व्हायचे. त्यावरून अख्खं बऱ्हाणपूर त्यांना उद्याबाबू म्हणायचं. तोंडावर 'बाबूजी', पाठीमागे 'उद्याबाबू'. मी मात्र त्यांना काका म्हणायचे, कारण ते माझ्या वडिलांच्या शेजारच्या टेबलावर बसत.

कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचं आमचं काम. त्या कारखान्याला गावात सगळे 'जीन' म्हणत. भरती, हजेरी, रजा, कोण कुठे काम करणार, हे सगळं काकांकडे. इतर जीनमध्ये या जागेवरचा बाबू हजेरी मांडून कान कोरत बसायचा. आमचे काका मात्र दिवसभर हिंडायचे आणि लोकांना छळायचे. माझ्या वडिलांनाही त्यांनी एकदा विचारलं, "उद्या कोण?" वडील धडधाकट होते. ते तडकले. म्हणाले, "माझी पोरगी! झालं समाधान?" दुसऱ्या दिवशी काका लोधीपुऱ्यात आमच्या घरी हजर आणि मला टायपिंगच्या क्लासात घालून मोकळे! आई म्हणाली, पोरीच्या जातीला हे काय भलतंच. पण पुढच्याच वर्षी वडील गेले, आणि ज्या महिन्यात ते गेले त्याच महिन्यात मी जीनच्या कचेरीत टाइपरायटरसमोर बसले. आमची चूल एक दिवस विझली नाही. त्यामुळे काकांची मी कितीही टिंगल केली, तरी ती कुठल्या तोंडाने करते हे मला पक्कं माहीत असतं.

पण टिंगल करण्यासारखं इतकं होतं, की काय सांगू!

काकांच्या प्रत्येक वस्तूला जोडीदार असायचा. दोन पेनं, दोन चष्मे, दोन रुमाल. भर उन्हाळ्यात दोन छत्र्या, एक हातात आणि एक सायकलच्या कॅरिअरला. ती कॅरिअरवरची छत्री कधी वापरली गेल्याचं मला आठवत नाही. पण महिन्यातून एकदा ते तिलाही उघडून अंगणात ठेवत. "तिचा सराव राहायला पाहिजे," म्हणत.

एका लग्नात नवरदेव बोहल्यावर शिंकला. काकांची नजर आपोआप नवरदेवाच्या धाकट्या भावाकडे गेली. काकूंनी तिथेच त्यांना असा चिमटा काढला, की जेवणाच्या पंगतीपर्यंत काका दंड चोळत होते.

काकूंचीही सुटका नव्हती. "मी पडलो तर बाजारहाट कोण करणार?" म्हणून त्यांनी काकूंना चक्क सायकल शिकवली. लुगडं नेसलेल्या काकू स्टेशनाजवळच्या मैदानात सायकलवर, मागे सीट धरून धावणारे काका आणि त्यांच्या मागे गावातली सगळी रिकामटेकडी मंडळी, हा तमाशा महिनाभर चालला. पुढे एकदा दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. काकूंनी त्याच सायकलला टांग मारली आणि थेट माहेरी, असीरगडाच्या पायथ्याशी, निघून गेल्या! काका दुसऱ्या दिवशी कचेरीत आले ते छाती फुगवून. "पाहिलंस बेटा? शिकवलेलं कुठे वाया जात नाही."

सगळ्यात वाईट प्रसंग घडला तो कन्हैयालाल हलवायाच्या दुकानात. कन्हैयालालची मावा जिलबी म्हणजे आमच्या गावची शान. सकाळी सकाळी पहिला घाणा काढताना, धुरानं बिचारा शिंकला. झालं! काकांनी जिलबीचा द्रोण खाली ठेवला आणि विचारलं, "कन्हैयालाल, उद्या कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझा मुलगा तर रेल्वेत लागला. तुझ्या मागे ही कढई कोण सांभाळणार?"

"ओ बाबूजी! बोहनीच्या टायमाला माझ्या मरणाची गोष्ट करून राहिले का?" असं ओरडत कन्हैयालाल हातातला झारा घेऊन गादीवरून उठला. पुढे काका, मागे पाकाचा झारा, असे ते दोघं चौकापर्यंत धावले. परत येऊन काकांनी आपला द्रोण उचलला आणि उरलेली जिलबी खाल्ली. "चिडला," मला म्हणाले. "म्हणजे त्याच्याकडे उत्तर नाही."

काकांचं म्हणणं साधं होतं. ते म्हणत, "कापूस किती येईल याचा अंदाज सगळे बांधतात. सरकी किती निघेल, कोळसा किती लागेल, सगळं आधी ठरवतात. माणूस मात्र आपोआप येणार असं धरून चालतात. अरे, माणूस काय टाकीतलं पाणी आहे, तोटी सोडली की आलं? माणूस कमी पडला तर काम बोंबलतं आणि जास्त झाला तर माणूस बोंबलतो. म्हणून कुठल्या कामाला, कुठला माणूस, कधी लागणार, हे आज बसून ठरवायचं." असं म्हणून ते बसायचे कधीच नाहीत. उठून कोणालातरी छळायला जायचे.

मग राज्यं एकमेकांत मिसळायची ती वर्षं आली. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली. त्याच्या आधीच संस्थानं विलीन झाली होती. सातपुड्याच्या पायथ्याशी एका चिमुकल्या संस्थानाची स्वतःची जीन होती. राजेसाहेबांची हौस ती! ती आमच्या मालकांनी घेतली, तिथली यंत्रं मोडीत काढली आणि माणसं बैलगाड्यांत बसवून आमच्याकडे पाठवून दिली.

एका सोमवारी सकाळी आम्ही पाहतो तो काय, प्रत्येक गोष्ट दोन-दोन! दोन हेडक्लार्क, दोन मापाडी, फाटकावर दोन चौकीदार. दोघंही एकमेकांना 'कोण आहे?' विचारून राहिलेले. आणि सगळ्यात कठीण म्हणजे, रुईच्या गाठी दाबायच्या प्रेसवर दोन मिस्त्री. आमचे सुपडू मिस्त्री आणि त्यांचे गिरधर मिस्त्री. दोघांच्याही मिशा सारख्या, दोघांचाही ताठा सारखा. दोघांनी पहिल्या दिवशी एकमेकांना रामराम केला आणि पुढे महिनाभर एकमेकांशी बोलले नाहीत.

सगळे धास्तावले. एका कामाला दोन माणसं म्हणजे एक घरी जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. एकटे काका तेवढे नाचायचे बाकी होते. जन्मभर जे 'उद्या कोण?' विचारत फिरले, त्यांच्या दारात देवानं सगळ्यांच्या जोड्या आणून उभ्या केल्या होत्या! त्यांनी लगेच आमच्या प्रत्येक माणसाची संस्थानी माणसाशी जोडी लावली आणि हुकूम काढला. दर बुधवारी दुपारनंतर ज्याने त्याने आपली जागा सोडायची आणि जोडीदाराला शिकवायचं. शिकवून झालं की तिसऱ्याच कामावर जाऊन हात चालवून पाहायचा.

बदलीचा बुधवार! बाई गं! पहिल्या बुधवारी चौकीदार टाइपरायटरवर बसला आणि त्याने एका बोटाने फक्त स्वतःचं नाव टाइप केलं, तेही चहा येईपर्यंत पुरलं. हेडक्लार्क इंजिनात कोळसा टाकायला गेले आणि धोतराचा सोगा काळा करून आले. कापूस निवडणारी राधाबाई वजनाच्या काट्यावर बसली. ती मात्र अशी बसली, की मापाड्याला तिला उठवणं जड गेलं. "हिच्यात माल आहे," काका माझ्या कानात पुटपुटले. त्यांना बुधवार हवा होता तो याच्याचसाठी. कोण कुठे चालेल, ते त्यांना डोळ्यांनी पाहायचं होतं.

अडलं ते प्रेसवर. सुपडू मिस्त्री गिरधर मिस्त्रींना काही म्हणता काही दाखवेनात. यंत्राचा पट्टा घसरायला लागला की सुपडू मिस्त्री खिशातून काहीतरी काढून, पाठ फिरवून, पट्ट्याला लावायचे. गिरधर मिस्त्रींची पाळी आली की तेही आडोसा धरून कुठेतरी पाचर ठोकायचे आणि पट्टा ताळ्यावर यायचा. काकांनी सुपडू मिस्त्रींना बाजूला घेतलं.

"शिकव ना रे त्याला. तू आजारी पडलास तर?"

"मले येडा समजता का बाबूजी? त्याले शिकवलं तर उद्या तोच राहीन आन् मी घरी. पोरीचं लगन करायचं हाय मले."

गिरधर मिस्त्रींचंही तेच. "आधी सांगा, माझी नोकरी पक्की का? मंग शिकवतो."

काका त्या दिवशी कोणालाही छळायला गेले नाहीत. असं फार कमी वेळा व्हायचं. संध्याकाळी म्हणाले, "बेटा, त्यांचं बरोबर आहे. ज्याला उद्याची भीती वाटते, तो दुसऱ्याला कशाला तयार करेल?" आणि मग त्यांनी युक्ती काढली. पुढच्या बुधवारी मलाच प्रेसवर नेऊन उभं केलं. "मिस्त्री, या पोरीला दाखवा. ही काय तुमची जागा घेणार?"

मला राग आला. का नाही घेणार? पण सुपडू मिस्त्री खुलले. त्यांनी मला खिशातली राळ दाखवली, पट्ट्याला कशी चोळायची ते दाखवलं, प्रेस चालू कशी करायची, बंद कशी करायची, कान देऊन यंत्राची कुरकूर कशी ऐकायची, सगळं दाखवलं. आठवड्यानं गिरधर मिस्त्रींनीही दाखवलं, फक्त पाचर कुठे ठोकायची तेवढं मागे ठेवलं. मी पदर खोचून शिकले. काकांनी मला काट्यावर, फाटकावर, गोदामात, हजेरीवर, सगळीकडे पिटाळलं. मी वैतागून विचारायचे, "काका, मी टायपिस्ट आहे की भटकभवानी?" ते नुसते हसायचे.

आता डब्यांची गोष्ट. काकांचं डोकं एकदा चाललं की थांबत नसे. बुधवारी डबेही बदलायचे, असं त्यांनी ठरवलं! "जोडीदाराच्या घरचं अन्न पोटात गेलं की मनातली अढी सुटते." सुपडू मिस्त्रींचा डबा त्यांची मुलगी सुमन आणायची. सातवी पास, चुणचुणीत. गिरधर मिस्त्रींचा डबा त्यांचा मुलगा मधुकर आणायचा. तो कोर्टात उमेदवारी करत होता. बुधवारी सुमन डबा घेऊन गिरधर मिस्त्रींकडे आणि मधुकर सुपडू मिस्त्रींकडे. अढी कोणाची सुटली असेल ती असो. पण महिन्याभरात मधुकर मंगळवारीही यायला लागला आणि शुक्रवारीही. भरीत कोणाकडे चांगलं होतं यावर दोन मिस्त्री पहिल्यांदा एकमेकांशी बोलले, म्हणजे भांडले. आणि दिवाळी झाल्यावर सुपारी फुटली! दोघं मिस्त्री व्याही झाले. सगळी जीन दोन पक्षांत वाटली गेली, आमचे सगळे मुलीकडचे, संस्थानी सगळे मुलाकडचे.

आणि नेमकं तेव्हाच मुख्य कचेरीतून कळवलं गेलं. नागपूरकडचे एक नवे साहेब येऊन पाहणी करणार. एका कामाला एक माणूस. दोन मिस्त्र्यांपैकी एकाला त्याच दिवशी घरी पाठवणार. त्या दोघांमधून एकाचं नाव काकांनी सुचवायचं.

काकांचं जेवण तुटलं. सुमनचा बाप घरी बसला तर पोरीला सासरी मान खाली घालावी लागणार. सासरा घरी बसला तर तिच्या पायगुणावर खापर फुटणार. कोणाचंही नाव घेतलं तरी त्या संसाराला पहिल्याच दिवशी दृष्ट लागणार होती. आणि साहेबांच्या येण्याचा दिवस कोणता? लग्नाचाच! भटजींनी काढलेला मुहूर्त काही साहेबांना विचारून काढलेला नव्हता.

आदल्या दिवशी सगळ्यांच्या रजा काकांच्या टेबलावर आल्या. काकांनी एक वाचली, दुसरी वाचली आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला.

"बेटा, मेलो! अगं, मी प्रत्येकाला जोडीदार दिला. हेडक्लार्क नसेल तर दुसरा हेडक्लार्क, मापाडी नसेल तर दुसरा मापाडी. आणि हे लेकाचे आपसात सोयरिक करून बसले! एक मुलीकडचा, दुसरा मुलाकडचा. माणूस आणि त्याचा बदली माणूस, दोघंही एकाच मांडवात!"

मला इतकं हसू आलं, की मी टाइपरायटरवर डोकं टेकून हसले. जन्मभर दोन छत्र्या बाळगणाऱ्या माणसाच्या दोन्ही छत्र्या एकाच वेळी वऱ्हाडात गेल्या होत्या. काकाही मग हसायला लागले. डोळे पुसत म्हणाले, "चल, बुधवारवाले गोळा कर."

सकाळी भोंगा झाला. काट्यावर राधाबाई, कापूस निवडणाऱ्या दोघीतिघी सरकी काढायच्या रेच्यांवर, इंजिनावर एक म्हातारा कोळसेवाला ज्याला लग्नाचं आमंत्रणच गेलं नव्हतं आणि म्हणून तो फुगला होता, फाटकावर सायकलसकट काकू. आणि प्रेसवर मी. पलीकडच्या भिंतीला लागून असलेल्या धर्मशाळेत सनई सुरू झाली. इकडे मी देवाचं नाव घेतलं आणि प्रेस सुरू केली. चालली! पहिली गाठ बांधून बाहेर पडली, तेव्हा मी नाचायचीच बाकी होते.

साहेब आले. हातात छडी, डोक्यावर हॅट. त्यांनी सगळीकडे फिरून पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "वा! एवढ्याशा माणसांत जीन व्यवस्थित चालतेय की! मग बाकीची फौज कशाला पोसताय? एक मिस्त्रीच काय, मला तर दोघंही जास्त वाटतात."

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. म्हणजे मी जितकी नीट प्रेस चालवत होते, तितकी सुपडू मिस्त्रींची जागा जात होती! भिंतीपलीकडे त्यांची पोरगी बोहल्यावर चढत होती आणि इकडे मी तिच्या बापाच्या पोटावर पाय देत होते. मुद्दाम बिघडवू का? काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही. त्यांना लबाडी चालत नसे.

तेवढ्यात फाटकावरून काकूंनी हाक दिली, "अहो, गाड्या!"

संस्थानाकडचं वऱ्हाड आलं होतं. बैलगाड्यांतून. आणि गाडी रिकामी कशाला न्यायची म्हणून त्या बहाद्दरांनी प्रत्येक गाडी कापसाने भरून आणली होती! कापसाच्या ढिगावर जरीची टोपी घातलेले मामा, कापसात रुतून बसलेल्या नटलेल्या बाया, मांडीवर आहेराची भांडी. वऱ्हाडी उतरून मांडवात पळाले आणि गाड्या आमच्या आवारात घुसल्या. एकीमागे एक, एकीमागे एक, रांग पार स्टेशनच्या रस्त्याला लागली. राधाबाईला काटा आवरेना. बैल कापसाच्या ढिगात शिरले. रेचेवाल्या बाया घामाने निथळल्या. एक लाल पागोटेवाला शेतकरी सरळ साहेबांवरच घसरला. "आमच्या तिकडची जीन तुम्ही बंद केली. इकडं घेऊन आलो तं माणूस नाही! आता हा कापूस काय गादीत भरून झोपू?" साहेबांनी हॅट काढली तर तिच्यात कापूस. राधाबाईने ती हॅट बाजूला ठेवली आणि त्यांच्या हातात काट्याची साखळी दिली. "धरा जरा, सायब."

मी प्रेसवर जमेल तितकं रेटत होते. पट्टा घसरला, मी राळ लावली. पुन्हा घसरला, पुन्हा लावली. धर्मशाळेत भटजींचा आवाज चढला, "शुभ मंगल सावधान!" आणि त्याच क्षणी फटाक्कन पट्टा सुटला आणि प्रेस बंद पडली.

पुढचं मला काकूंनी सांगितलं, त्या भिंतीवरून डोकावून पाहत होत्या. मंगलाष्टकात दोघं मिस्त्री मुठीत अक्षता घेऊन उभे होते. प्रेसची धडधड थांबली मात्र, दोघांच्या माना एकदम वर झाल्या. भटजी पुढचं म्हणतायत, अंतरपाट धरलेला, आणि मुलीचा बाप आणि मुलाचा बाप, दोघंही मांडव सोडून पळत सुटले! विहीणबाई ओरडतायत, "अहो, कुठं निघाले? लगन हाय!" बँडवाल्यांना वाटलं लग्न लागलं, त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

फेटे बांधलेले, गंध लावलेले दोघं मिस्त्री धापा टाकत प्रेसवर आले. साहेबांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. सुपडू मिस्त्रींनी राळ काढली. राळेने भागेना. गिरधर मिस्त्री क्षणभर थांबले. त्यांनी व्याह्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "पाह्य व्याहीबुवा. पाचर इथं ठोकायची. आडून नाही, समोरून दाखवून राहिलो." त्यांनी पाचर ठोकली, यांनी पट्टा चढवला, आणि प्रेस सुरू झाली. दोघांच्या मुठीतल्या अक्षता पट्ट्यावर सांडल्या. मग कुठे त्यांना साहेब दिसले. दोघांनी ओशाळून रामराम केला आणि फेटे सावरत परत मांडवाकडे धूम ठोकली.

काका साहेबांजवळ गेले. साहेबांच्या हातात अजून साखळी होती.

"साहेब, विलीन करताना तुम्ही माणसं मोजलीत. त्यांच्या मागून येणारा कापूस मोजायचा राहिला. तिकडची जीन गेली, तिकडचा कापूस आता इकडेच येणार. आज वऱ्हाडाबरोबर आला, उद्या नुसताच येईल. दोन पाळ्या लागतील. एका पाळीला एक मिस्त्री. मग सांगा, जास्त कोण आहे?"

साहेबांनी रस्त्यापर्यंतची रांग पाहिली. "पाळ्या ठीक आहेत," म्हणाले.

जेवायला त्यांना मांडवात ओढून नेलं. मी पंगतीत समोरच बसले होते, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. साहेब म्हणाले, "दोन्ही मिस्त्री राहतील. बाकीचेही राहतील. पण मला वर काहीतरी दाखवावं लागेल हो. एक तरी जागा कमी करायला हवी."

काका जिलबी खात होते. त्यांनी घास थांबवला नाही. "माझी करा."

"तुमची? मग तुमचं काम? तुमच्या जागी उद्या कोण?"

साऱ्या गावाला छळणारा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी काकांना विचारत होतं. काकांनी पाकात भरलेलं बोट उचललं आणि माझ्याकडे केलं. "ती. टायपिंग करून हेही करेल. तिला सगळी जीन माहीत आहे. सगळीकडे फिरलीय ती."

"मी नाही!" मी भर पंगतीत ओरडले. "मला विचारलंत का? मला नको तुमची जागा! असला अगोचरपणा कोणी सांगितला होता तुम्हाला?" बोलता बोलता मला रडूच फुटलं. सुमन नव्या शालूत उठून माझ्याजवळ आली. काकांनी पुढची जिलबी उचलली. ते ठरवून बसले होते.

त्या हंगामात दोन पाळ्या चालल्या. दिवसपाळीला सुपडू मिस्त्री, रात्रपाळीला गिरधर मिस्त्री. मी काकांच्या खुर्चीत बसले आणि पहिला आठवडा नुसती चिडचिड केली. काकांचा पत्ता नव्हता. घरी गेले तर काकू म्हणाल्या, "सकाळी लवकर जातात. कुठे म्हटलं तर म्हणतात, शिकायला."

एका बुधवारी कन्हैयालालच्या दुकानासमोरून जाताना मी थबकले. आत गल्ल्यामागे, धोतराला मैदा लागलेले काका मावा मळत बसलेले!

"हे काय, काका?"

"शिकाऊ लागलोय. याच्याकडे उत्तर नव्हतं ना. आता आहे." कन्हैयालाल कपाळाला हात लावून म्हणाला, "झारा घेऊन मागे धावलो, तरी सोडलं नाही हो यांनी." काकांनी जिलबीचा द्रोण भरला आणि माझ्यापुढे न करता स्वतःजवळच ठेवला. "तुझ्या जागी उद्या कोण?"

"मी अजून खुर्चीत नीट बसलेसुद्धा नाहीये!"

"म्हणूनच विचारतोय. नाव सांग, जिलबी घे."

"दे दो बाबूजी, गिऱ्हाईक आहे," कन्हैयालाल म्हणाला. दिली नाही! मी पाय आपटत निघून आले.

रात्रभर धुसफुसले आणि सकाळी उठून सुमनच्या सासरी गेले. दोन्ही व्याही ओसरीवर भरताच्या वादात होते. मी म्हटलं, सुमनला टायपिंगच्या क्लासात घालते, मग कचेरीत माझ्या हाताखाली. गिरधर मिस्त्री म्हणाले, "सून कामाले जाईन?" सुपडू मिस्त्रींनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. गिरधर मिस्त्रींना मंगलाष्टकाचा दिवस आठवला असावा. "जाऊ द्या मंग," म्हणाले.

पुढच्या बुधवारी मी सुमनला घेऊन दुकानात गेले. "हे घ्या नाव," मी म्हटलं. काकांनी दोन द्रोण भरले. त्यांनी घातलेली जिलबी वेडीवाकडी होती, एकीचं तोंड दुसरीला जुळत नव्हतं, पण सुमनने मिटक्या मारत खाल्ली. मग मला राहवेना.

"काका, खरं सांगा. त्या दिवशी स्वतःचं नाव का घेतलंत?"

"अगं, सुपडूला प्रेस येते. गिरधरला प्रेस येते. त्यांना काढलं तर ते जातील कुठे? मला धड काहीच येत नाही. म्हणून मला कुठेही शिकाऊ लागता येतं."

त्यांच्या पाया पडावं असं वाटलं, पण ते चालू दुकान होतं आणि माझे हात पाकाने चिकट झाले होते. तेवढ्यात कढईचा धूर कन्हैयालालच्या नाकात गेला आणि तो शिंकला. जोरात, दोनदा. सुमनने आणि मी एकदम काकांकडे पाहिलं.

काकांनी काहीच विचारलं नाही. त्यांनी सदऱ्याच्या बाह्या सावरल्या, कन्हैयालालच्या हातातला झारा घेतला आणि ते कढईसमोर जाऊन बसले.